ऑपरेशननंतरचा पहिला चहा

सांगलीहून एका ७६ वर्षांच्या काकांचं पत्र आलं आहे. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या पत्नी, वय ७२, मोरीत पाय घसरून पडल्या आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं, खुब्याचा बॉल बदलला, सातव्या दिवशी घरी आणलं. मुलगा जर्मनीत, मुलगी पुण्यात. मुलगी दोन आठवडे राहून गेली. आता ब्युरोची बाई सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असते, बाकी सगळं काका बघतात. "तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही," असं ते लिहितात. काकूंनी चालायचं ते फक्त संडासापर्यंत, तेही काका सोबत असताना. फिजिओथेरपिस्ट तीनदा येऊन गेला. व्यायामाने काकूंना दुखतं म्हणून काकांनी त्याला थांबवलं. शेजारच्यांनी सांगितल्यावरून वरण आणि दही बंद आहे, टाक्यात पू होईल म्हणून. सध्या पेज, मऊ भात, तूप, चहा-बिस्किट.

गेल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला काकांना जाग आली तेव्हा काकू शेजारी नव्हत्या. वॉकर घेऊन एकट्याच स्वयंपाकघरात गेल्या होत्या आणि गॅसवर चहाचं आधण ठेवून उभ्या होत्या. काका ओरडले. "पन्नास वर्षांत असा आवाज चढवला नव्हता." तेव्हापासून काकू कामापुरतं बोलतात, व्यायाम करत नाहीत, भिंतीकडे मान करून पडून असतात. मुलगी म्हणते, घर बंद करून पुण्याला या. मुलगा म्हणतो, चोवीस तासांची बाई ठेवा, पैसे पाठवतो. काका विचारतात : "निदान सहा महिने सक्तीची विश्रांती हवी असं मला वाटतं. हे तिला कसं पटवून द्यावं?"

पत्राखाली सही आहे. सहीच्या खाली, वेगळ्या पेनाने, एक ओळ आहे : "त्या दिवशी मोरी मी धुतली होती. पाणी निपटायचं राहिलं."

*

नमस्कार काका,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना ते काकूंच्या हट्टाबद्दलचं पत्र वाटलं. सहीखालची ओळ वाचल्यावर पुन्हा वरून सुरुवात केली, तेव्हा वेगळंच काही दिसलं. त्या ओळीकडे मी येणार आहे. पण आधी त्या पहाटेबद्दल बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

काकूंनी त्या पहाटे काय काय केलं ते जरा मोजून बघा. कुशीवरून उठून पलंगाच्या कडेला बसल्या. हात लांब करून वॉकर जवळ ओढला. कोणाचा हात न धरता उभ्या राहिल्या. मधल्या खोलीतून चालत गेल्या. स्वयंपाकघराला उंबरठा असेल तर तोही ओलांडला. गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, आणि पाण्याला उकळी येईपर्यंत पायांवर उभ्या होत्या. ऑपरेशनला पाच आठवडेही झाले नव्हते. मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात काम केलं, खुब्याच्या ऑपरेशनची कितीतरी माणसं घरी जाताना पाहिली. पाचव्या आठवड्यात एवढं करणारी व्यक्ती फिजिओथेरपिस्टला दिसली असती तर त्याने शाबासकी दिली असती.

तुम्ही घाबरलात यात नवल नाही. अंधार होता, घरात कोणाला पत्ता नव्हता, समोर पेटता गॅस होता. आणखी एक धोका होता, जो कदाचित तुमच्या लक्षात आला नसेल : वॉकर धरायला दोन्ही हात लागतात. चहा झाल्यावर काकू तो कप नेणार कशा होत्या? एका हातात कप आणि एका हाताने वॉकर, इथेच माणसं पडतात आणि भाजतात. म्हणजे तुमची भीती खरी होती. पण हे सगळे धोके मांडणीचे आहेत, आणि मांडणी बदलता येते. त्यासाठी काकूंना अंथरुणात ठेवावं लागत नाही.

आता विश्रांतीबद्दल. "ऑपरेशन झालंय, आता पडून राहा" हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलं आहे की ते कुठून आलं हे आपण विचारतच नाही. तुमच्या-माझ्या लहानपणी खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला पायाला वजन बांधून दोन-तीन महिने पाठीवर झोपवत. त्यातली बरीच माणसं पुन्हा उठलीच नाहीत. हाडाने दगा दिला म्हणून नव्हे. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ साठून न्यूमोनिया झाला, पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या म्हणून. या वयात भूल देण्याची जोखीम पत्करून ऑपरेशन करतात ते याच कारणासाठी, की माणसाला लवकर उभं करता यावं. बसवलेला बॉल बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून अंगाचं वजन घेतो. ऑपरेशन करून घ्यायचं आणि मग सहा महिने झोपवायचं, यात ज्यासाठी ऑपरेशन केलं तेच हातचं जातं.

झोपून राहिल्याने काय होतं याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला होता, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या धडधाकट माणसांना, ज्यांना काहीही आजार नव्हता, दहा दिवस अंथरुणात ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे स्नायू सुमारे किलोभर घटले. धडधाकट माणसांची ही गत. काकूंचं तर हाड मोडलेलं, रक्त गेलेलं, भूक मंदावलेली. त्यांना दिवसातून चार-पाच वेळा संडासापर्यंत नेणं आणि परत झोपवणं यात पायांना कामच मिळत नाही.

काका, डिस्चार्ज कार्ड कपाटातून काढा. ते इंग्रजीत असेल, तर मुलीला फोटो पाठवून एकेक ओळ वाचून घ्या. हॉस्पिटलातून घरी जाताना काय होतं ते मी रोज बघत आले. बिल, औषधांची पिशवी, रिक्षा की ॲम्ब्युलन्स यांची धावपळ, आणि डॉक्टर दहा मिनिटांत जे सांगतात त्यातलं घरच्यांच्या कानात एकच उरतं, "काळजी घ्या." त्या कार्डावर बहुधा वॉकर घेऊन चालायला, पायावर वजन टाकायला परवानगी लिहिलेली असेल. "पूर्ण विश्रांती" हे शब्द त्यावर सापडले तर तुमचं खरं. नाही सापडले, तर ते कोणी लिहिले ते तुम्हाला माहीत आहे.

काही गोष्टी मात्र खरंच करायच्या नसतात, आणि त्या बाबतीत तुम्ही कडक राहा. बॉल खोबणीतून निसटू नये म्हणून खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही. म्हणजे जमिनीवर बसणं नाही, मांडी घालणं नाही, उकिडवं बसणं नाही, देशी संडास नाही, मऊ सोफ्यात रुतून बसणं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. कुशीवर झोपताना दोन पायांमध्ये उशी हवी. काकू भिंतीकडे वळून पडून असतात असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा उशीचं आजच बघा. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकायचं नाही. ही बंधनं सहा ते बारा आठवडे असतात, टाके कुठल्या बाजूने घेतले त्यावर थोडी बदलतात. नेमकी मुदत तुमच्या सर्जनना विचारा. आणि ही यादी वाचून मला सांगा, ओट्याशी उभं राहून चहा करणं यात कुठे बसतं?

तर तो चहा होऊ द्या, पण दिवसाउजेडी आणि तुम्ही घरात जागे असताना. चहा-साखरेचे डबे, छोटं पातेलं, गाळणं, सांडशी, कपबशा हे सगळं कंबर ते खांदा या उंचीत आणून ठेवा. खालच्या फडताळातलं किंवा वरच्या फळीवरचं काही त्यांना लागताच कामा नये. दूध तुम्ही काढून द्या. ओट्याजवळ हातांची, पाठीची एक उंच खुर्ची ठेवा, म्हणजे दमल्यावर टेकता येईल आणि चहा तिथल्या तिथे पिता येईल. कप कुठेही न्यायचा नाही. स्वयंपाकघरातलं पायपुसणं उचला. पाण्याचा पिंप ठिबकत असेल तर खाली परात ठेवा. गाऊन घोट्याच्या वर हवा, बाहीला झोल नको. पायात मागे पट्टा असलेली, घट्ट बसणारी चप्पल. वॉकरला पुढे एक कापडी पिशवी शिवून लावा. त्यात चष्मा, मोबाइल, रुमाल राहतो आणि हात मोकळे राहतात. ही पिशवी काकूच शिवतील, विचारून बघा.

चहानंतर हळूहळू बाकीची कामं. भाजी निवडणं, लसूण सोलणं, देवाची फुलं ताटलीत लावणं बसून होतं. कणीक मळणं, कुकर लावणं टेकून उभ्याने होतं, पण शिट्टी झालेला कुकर उचलायचा तुम्ही. खुर्चीतून हातांचा आधार घेऊन उठायचं आणि पुन्हा बसायचं, हे दहा वेळा, दिवसातून तीनदा, हा तर स्वतःच उत्तम व्यायाम आहे. एकदाच लांब चालण्यापेक्षा पाच-सात मिनिटं, दिवसातून पाच वेळा चालणं बरं.

फिजिओथेरपिस्टला परत बोलवा. दुखतं म्हणून बंद केलंत, ते प्रेमाने केलंत हे मला कळतं. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्ध्या-पाऊण तासाआधी घेतली तर पुष्कळ फरक पडतो. वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. व्यायामानंतर मांडी भरून येणं, ओढल्यासारखं वाटणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरणं, हे चालतं. जांघेत अचानक कळ येऊन पाय टेकवेनासा झाला तर ते वेगळं, तेव्हा थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. हा फरक त्याच्याकडूनच नीट समजून घ्या. तो येईल तेव्हा तुम्ही आणि बाई दोघांनी समोर उभं राहून शिका, उठवताना हात कुठे धरायचा आणि कुठे नाही ते. काखेत हात घालून ओढून उठवलंत तर त्यांच्या खांद्याला आणि तुमच्या कमरेला, दोघांना इजा.

माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते. त्यांचाही खुबा मोडला होता, ७८ वर्षांच्या होत्या. मी या क्षेत्रात नोकरी करत असूनही घरी वेगळंच वागले. पलंगाशेजारी घंटी ठेवली. पाणी हवं, घंटी. कूस बदलायची, घंटी. नातेवाईक म्हणायचे, सून असावी तर अशी. मलाही ते ऐकून बरं वाटायचं. तीन महिन्यांनी एका दुपारी मी म्हटलं, "आई, चला, अंगणात जाऊ," तर त्या म्हणाल्या, "कशाला गं, आता मला नाही जमायचं." पाय तेव्हा बरा झालेला होता. सर्जननीच तसं सांगितलं होतं. त्यांच्या हातून एकेक काम मी काढून घेतलं आणि शेवटी उठायची इच्छाच काढून घेतली. पुढे त्या चालल्या, पण घरातल्या घरातच. अंगणातल्या तुळशीला पाणी घालायला त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. ती चूक तुमच्या घरी होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता जेवणाचं. हे सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. वरणाने, दह्याने, भाताने टाक्यात पू होत नाही. पू होतो तो जंतूंनी, आणि मधुमेह असून साखर वाढलेली राहिली तर ती शक्यता वाढते. उलट जखम भरायला आणि स्नायू परत यायला प्रथिनं लागतात. काकूंचं वजन ५५ किलोच्या आसपास धरलं तर रोज निदान ५५ ते ६५ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. पेज, मऊ भात आणि बिस्किटांनी यातला निम्मा आकडासुद्धा गाठला जात नाही. तेव्हा आजपासून दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ, दुपारी दही, सकाळी अंडं चालत असेल तर अंडं, नसेल तर पनीर किंवा मुगाचं धिरडं. शेंगदाण्याची चटणी तर सांगलीच्या घरात असतेच. डिंकाचा-अळिवाचा लाडू द्या, आवडीने खातील. पण त्यावर सगळी मदार ठेवू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून. आणि पाणी. रात्री उठावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. मग बद्धकोष्ठ होतं, लघवीला जंतुसंसर्ग होतो, त्यातून वयस्कर माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो. पाणी दिवसा भरपूर आणि संध्याकाळनंतर बेताने, हा मार्ग बरा.

एक प्रश्न तुमच्या पत्रात नाही, बहुतेकांच्या पत्रात नसतो : हाड मोडलंच का? उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला याचा अर्थ हाडं ठिसूळ झाली आहेत. एक खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा मोडण्याचा धोका वाढलेला असतो. बॉल बसवून हा आजार जात नाही. पुढच्या तपासणीला सर्जनना स्पष्ट विचारा की हाडं बळकट करण्याचं औषध कधी सुरू करायचं. आठवड्याला एक गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून देण्याचं औषध असतं, सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. त्याच भेटीत बाकीच्या सगळ्या गोळ्या दाखवा. झोपेची गोळी चालू असेल, किंवा रक्तदाबाची गोळी घेतल्यावर उठताना चक्कर येत असेल, तर पडण्याचं कारण तिथेही असू शकतं. रक्त पातळ ठेवण्याची गोळी दिलेली असेल तर ती कधी थांबवायची तेही विचारा, आपण होऊन थांबवू नका.

थांबून न राहता हॉस्पिटल गाठायची वेळ कोणती, तेही सांगून ठेवते. पोटरी एका बाजूची सुजली, गरम झाली, दुखू लागली. टाक्यांपाशी लाली, पाणी, ताप. अचानक जोराची कळ येऊन पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसू लागला. एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ १०८. हा कागद फ्रिजवर लावा, बाईंनाही वाचून दाखवा.

आता मुलांचं. मुलगा म्हणतो चोवीस तासांची बाई. पैसे आहेत म्हणून बाई दुप्पट वेळ ठेवली तर काकूंच्या हातचं उरलंसुरलं कामही जाईल. तुमची बाई आठ ते सहा असते, आणि काकू उठल्या पहाटे साडेपाचला. रात्री संडासला उठणं, पहाटेची झापड, अंधार, या खऱ्या पडण्याच्या वेळा आहेत. वाटलं तर महिनाभर बाईची वेळच बदला, रात्रीची ठेवा. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, मंद दिवा, वॉकर हाताशी. मुलाचे पैसे यासाठी वापरा : संडासात आणि मोरीत भिंतीत पक्के बसवलेले दांडे, कमोडवर उंची वाढवणारी बैठक, अंघोळीला न घसरणारं उंच स्टूल, मोरीत खरबरीत फरशी किंवा रबरी जाळी, फिजिओथेरपिस्टची फी. आणि त्याच्याकडून पैशांखेरीजही काही मागा. आपले संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिकडे दुपार असते. त्या वेळी त्याने रोज फोन करायचा, फोन वॉकरच्या पिशवीत, स्पीकर चालू, आणि काकूंनी बोलत बोलत पडवीत फेऱ्या मारायच्या. आईशी बोलायचं तर ती चालत असतानाच, असा नियम त्याला घाला.

मुलगी म्हणते पुण्याला या. तिच्या बोलण्यात काळजी आहे, आणि तुम्ही दोघं खरंच दमून गेला असाल तर सहा आठवडे जायला हरकत नाही. पण जाताना परतीची तारीख ठरवून जा, आणि ती काकूंना सांगून जा. फ्लॅटमध्ये लिफ्ट असते, कमोड असतो, पण सकाळी नऊला सगळे बाहेर पडले की शांतता असते आणि कुठला डबा कुठे हे काकूंना ठाऊक नसतं. सांगलीत दारावर भाजीवाली येते, शेजारीण खिडकीतून हाक मारते. बऱ्या होणाऱ्या माणसाला याचा किती आधार असतो ते सांगून पटत नाही. घर कायमचं बंद करायचं की नाही हा निर्णय तर आत्ता घेऊच नका. खुब्याची सुधारणा सहा महिने ठळकपणे आणि पुढे वर्षभरापर्यंत चालू असते. पाचव्या आठवड्यातल्या काकू बघून पुढच्या दहा वर्षांचं ठरवणं त्यांच्यावर अन्याय आहे.

खोटी आशाही मी देणार नाही. खुबा मोडल्यावर साधारण निम्मीच माणसं पूर्वीइतकी चालायला लागतात. काकूंना कदाचित कायमची काठी लागेल. जमिनीवर बसून पूजा, देशी संडास, गच्चीवर वाळवण घालणं सुटेल. पण काठी घेऊन कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाणाऱ्या काकू आणि पलंगावरून हाक मारणाऱ्या काकू, यांतल्या कोण होणार हे बऱ्याच अंशी येत्या तीन-चार महिन्यांत ठरतं.

माझ्या मनातून सुटत नाही ती एक गोष्ट : तुमच्या पत्रात तुमचं मत आहे, मुलाचं आहे, मुलीचं आहे, शेजाऱ्यांचंसुद्धा आहे. काकूंचं एकही वाक्य नाही. त्यांना काय हवंय हे कोणी विचारलंच नाही, म्हणून त्या पहाटे त्यांनी उठून चहा ठेवला. तेच त्यांचं म्हणणं होतं. त्यावर तुम्ही ओरडलात, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांची ही उदासी अजून आठ-दहा दिवसांत गेली नाही, जेवण तुटलं, झोप गेली, किंवा त्या असंबद्ध बोलू लागल्या, तर "रागावली आहे" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा. ऑपरेशननंतर या वयात मन खचणं हाही आजाराचाच भाग असतो आणि त्यावर उपचार आहेत.

आणि आता ती ओळ.

काका, मोरीत पाणी तुम्ही ठेवलंत हे तुम्ही मला लिहिलंत, काकूंना सांगितलं नसणार. गेले पाच आठवडे तुम्ही पेला उचलू देत नाही, एकटं चालू देत नाही, त्यामागे ते पाणी आहे असं मला वाटतं. त्यांना पुन्हा काही झालं तर ते पुन्हा तुमच्या हातून झालं असं तुम्ही धराल, म्हणून तुम्ही त्यांना काहीच होऊ देत नाही, बरंसुद्धा. मी तुम्हाला दोष देत नाही. ७६व्या वर्षी मोरी धुणारा नवरा हा बायकोला मदत करत होता. घसरण्याला पाणी कारण झालं असेल, पण हाड मोडायला ठिसूळपणा कारण होता, आणि तो वर्षानुवर्षं चोरपावलांनी येत होता.

तरीही हे त्यांना सांगा. आणि एक विचार करा : मोरीत काकूच पडल्या होत्या. पाणी त्यांनी पाहिलं, त्यांचा पदर त्यात भिजला. मोरी कोणी धुतली होती हेही त्यांना ठाऊक आहे. पाच आठवडे त्या तुम्हाला त्याबद्दल अवाक्षर बोललेल्या नाहीत. तुम्ही ओरडलात तेव्हासुद्धा नाही, आणि त्या क्षणी ते बोलणं किती सोपं होतं. तुम्हाला त्यांना काही पटवून द्यायचं नाहीये. शेजारी खुर्ची ओढून बसायचं आहे, एवढं एक वाक्य बोलायचं आहे, आणि मग विचारायचं आहे की उद्या चहा किती वाजता ठेवतेस.

हे वाचणाऱ्या आणखी कोणाच्या घरी अशीच वेळ असेल आणि विचारायला माणूस नसेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. सत्तरी ओलांडलेल्यांनी हॉस्पिटलातल्या मोफत उपचारांसाठीचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवावं. ते २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

शेवटी तुमच्याबद्दल. मधेच एका ओळीत तुम्ही लिहून गेलात की तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन या गडबडीत पुढे ढकललं. म्हणजे रात्री काकूंना धरून संडासला नेणाऱ्या माणसाला उंबरठा नीट दिसत नाही. ती तारीख आजच परत घ्या, मुलीला त्या आठवड्यात रजा काढायला सांगा. मोतीबिंदूनंतर काही आठवडे दिवसातून तीन-चार वेळा डोळ्यात थेंब घालावे लागतात. ते स्वतःचे स्वतःला नीट जमत नाहीत, कोणीतरी लागतं. तुम्ही खुर्चीत मान मागे टेकून बसा, काकू शेजारच्या उंच खुर्चीत बसतील. त्यांचा खुबा मोडलाय, हात धडधाकट आहेत.